जेलवर बँड ठसठशीत, पण एन्झाइम काम करत नाही: कारण कुठे शोधायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ई. कोलाय या जिवाणूच्या अल्कलाइन फॉस्फेटेजचं (रेणूवरचा फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइमचं) जनुक सिग्नल पेप्टाइड (प्रथिनाला त्याच्या जागी पोचवणारा सुरुवातीचा तुकडा) वगळून पेट-व्हेक्टरमध्ये (जनुक वाहून नेणाऱ्या डीएनएच्या वर्तुळात) घातलं, शेवटाला सहा हिस्टिडिनची शेपटी जोडली. बीएल२१ (डीई३) या ई. कोलायच्या वाणात ३७ अंशांना आयपीटीजी (जनुक चालू करणारं रसायन) देऊन प्रथिन भरपूर मिळवलं आणि ही शेपटी पकडणाऱ्या निकेल कॉलमवरून शुद्ध केलं. जेलवर ४७ किलोडाल्टनच्या आसपास एकच स्वच्छ बँड आहे. पण पीएनपीपी (एन्झाइमने फोडल्यावर पिवळा रंग देणारा पदार्थ) घातल्यावर पिवळा रंग जवळजवळ येत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्याच नळीतल्या नमुन्याने थोडं काम केलं. प्रथिन आहे तर ते काम का करत नाही, आणि एका रात्रीत काय बदललं?

आधी जेलबद्दल. एसडीएस-जेलवर चढवण्यापूर्वी आपण नमुना ९५ अंशांना पाच मिनिटं उकळतो, तोही एसडीएस (घडी उलगडणारं डिटर्जंट) आणि डीटीटी (सिस्टीनमधले बंध तोडणारं क्षपणकारक) यांच्यासोबत. घडी असेल तर ती तिथेच मोडते, धातू सुटतात, दोन उपएकक एकत्र असतील तर वेगळे होतात. मग दिसते ती फक्त साखळीची लांबी. कापड किती वार आहे ते कळलं, सदरा शिवला आहे की नाही ते नाही. ब्रॅडफर्ड (प्रथिनाचं प्रमाण मोजणारी रंगचाचणी) किंवा २८० नॅनोमीटरचं वाचनही तेवढंच सांगतं. त्यामुळे 'शुद्ध आहे' आणि 'कार्यक्षम आहे' ही दोन वेगळी विधानं आहेत आणि दुसऱ्याचा पुरावा तुमच्याकडे अजून नाही.

या एन्झाइमला काम करायला काय काय लागतं ते पाहा. फॉस्फेट ज्याच्यावर तात्पुरता बसतो तो सेरिन १०२ (साखळीतलं १०२ वं अमिनो आम्ल). त्याच्या शेजारी हातभार लावणारा आर्जिनिन १६६. पहिला जस्ताचा अणू धरतात अ‍ॅस्पार्टेट ३२७, हिस्टिडिन ३३१ आणि हिस्टिडिन ४१२. दुसरा जस्त धरतात अ‍ॅस्पार्टेट ५१, अ‍ॅस्पार्टेट ३६९ आणि हिस्टिडिन ३७०. मॅग्नेशियमला अ‍ॅस्पार्टेट ५१, थ्रिओनिन १५५ आणि ग्लुटामेट ३२२. हे क्रमांक ५१ पासून ४१२ पर्यंत पसरलेले आहेत. सरळ साखळीत ते एकमेकांपासून खूप लांब असतात. घडी नीट पडली तरच दोन्ही जस्त एकमेकांपासून साधारण ४ अँगस्ट्रॉमवर येतात आणि सेरिन त्यांच्या मुठीत बसतो. क्रियाशील जागा अशी घडीतून तयार होते. साखळीत ती कुठेही 'लिहून ठेवलेली' सापडणार नाही. शिवाय हे एन्झाइम दोन उपएककांचं आहे आणि प्रत्येक उपएककात दोन डायसल्फाइड बंध (दोन सिस्टीनमधल्या गंधकांना जोडणारे) आहेत: सिस्टीन १६८ ते १७८ आणि २८६ ते ३३६.

तुमची अडचण बहुतेक याच बंधांची आहे. निसर्गात हे प्रथिन पेशीच्या दोन पडद्यांमधल्या पेरिप्लाझममध्ये राहतं. एकवीस अमिनो आम्लांचं सिग्नल पेप्टाइड त्याला तिकडे पोचवतं आणि कापलं जातं. तिथे डीएसबीए नावाचं प्रथिन सिस्टीनच्या जोड्या जुळवतं. तुम्ही सिग्नल पेप्टाइड काढलं, म्हणून प्रथिन सायटोप्लाझममध्ये अडकलं. तिथलं वातावरण क्षपणकारी असतं. थायोरेडॉक्सिन आणि ग्लुटाथायोन मिळून कोणताही डायसल्फाइड बंध टिकू देत नाहीत. बंध नाहीत म्हणून घडी पक्की होत नाही, जस्त नीट बसत नाही, दोन उपएकक जुळत नाहीत. थायोरेडॉक्सिन रिडक्टेजचं जनुक बिघडवलेल्या ई. कोलायमध्ये मात्र सिग्नल नसलेलं हेच प्रथिन सायटोप्लाझममध्येही कार्यक्षम होतं, हे १९९३ साली दाखवलं गेलं. म्हणजे साखळीत खोट नाही, जागा चुकली.

आता दुसऱ्या दिवशीचं कोडं. पेशी फोडल्यावर प्रथिन हवेच्या संपर्कात येतं आणि ऑक्सिजनमुळे बंध हळूहळू आपोआप जुळतात. लायसिस बफरमध्ये डीटीटी असेल तर ते आधी आडवं येतं, पण ते टिकत नाही: पीएच ८.५ आणि २० अंशांना त्याचं अर्धायुष्य जेमतेम दीड तास आहे. सकाळपर्यंत ते संपलं आणि तुमचं प्रथिन थोडं जागं झालं. हे खरंच असं झालं का ते तपासायला पेशी फोडण्याआधी आणि फोडताना ताजं आयोडोअ‍ॅसिटामाइड घाला, १ ते १० मिलिमोलर, अंधारात. ते मोकळ्या सिस्टीनना कायमचं झाकतं. त्यानंतर दुसऱ्या दिवशीही क्रियाशीलता शून्यच राहिली, तर निदान पक्कं. या एन्झाइमचा उपयोग करून 'प्रथिन पडद्याच्या कोणत्या बाजूला आहे' हे ठरवणारे लोक ही खबरदारी नेहमी घेतात, नाहीतर पेशी फोडल्यानंतरचं काम ते पेशीतलं समजून बसतील.

(बंध नुसते जुळून भागत नाही, बरोबर जोडीशी जुळावे लागतात. रायबोन्युक्लिएज ए या आरएनए तोडणाऱ्या एन्झाइममध्ये १२४ अमिनो आम्लं, आठ सिस्टीन, चार बंध. आठ सिस्टीनच्या जोड्या १०५ प्रकारे लागू शकतात. जीवरसायनशास्त्रज्ञ क्रिस्टियन अन्फिन्सेन यांनी ८ मोलर युरियात, म्हणजे साखळी सुटी असतानाच, बंध जुळू दिले तेव्हा क्रियाशीलता साधारण १ टक्का आली. युरिया काढून, किंचित मर्कॅप्टोइथेनॉल घालून चुकीचे बंध सुटू दिले तेव्हा ती परत आली. १९७२ च्या नोबेलमागे हेच काम आहे. तुमच्या नळीत हवेने जुळलेल्या बंधांमध्येही काही चुकीचे असणार, हे लक्षात ठेवा.)

पण निदानावर उडी मारण्याआधी मोजणी तपासा. 'एन्झाइम मेलं' म्हणून आणलेल्या नमुन्यांपैकी कितीतरी वेळा एन्झाइम ठीक असतं आणि बफर घात करतं. सर्वांत उपयोगी चाचणी मिसळण्याची आहे. विकतचं जिवाणूजन्य अल्कलाइन फॉस्फेटेज घ्या. एका क्युव्हेटमध्ये (रंग मोजायच्या पारदर्शक कुपीत) ते एकटं, दुसऱ्यात तेवढंच ते आणि सोबत तुमचा नमुना. दोन्हीत वेग सारखा आला तर तुमच्या नमुन्यात मारक काही नाही. दुसऱ्यात वेग पडला तर तुमचा बफरच गुन्हेगार आहे आणि प्रथिनाबद्दल अजून काहीच सिद्ध झालेलं नाही.

मारक म्हणजे मुख्यतः दोन. एक फॉस्फेट. तो या एन्झाइमच्या अभिक्रियेचाच एक उत्पाद आहे आणि मायक्रोमोलर पातळीत क्रियाशील जागा अडवतो. पीबीएसमध्ये (फॉस्फेट असलेल्या खारट बफरमध्ये) तो १० मिलिमोलर असतो, म्हणजे पीबीएसमध्ये डायलिसिस (पातळ पडद्यातून बफर बदलणं) करणं हा आत्मघात. दुसरा ईडीटीए, धातू पकडून नेणारं रसायन. तो बाटलीवर लिहिलेला नसतानाही येतो: प्रोटिएज इनहिबिटरच्या साध्या गोळीतून, टीई बफरमधून, किंवा ईडीटीएत उकळून ठेवलेल्या आणि नीट न धुतलेल्या डायलिसिसच्या नळीतून. निकेल कॉलम फिका पडला असेल तर ईडीटीए आला होता हे समजा. कॉलम तपकिरी झाला असेल तर डीटीटी. ग्लायसिन बफरही जस्ताला धरतो, त्यामुळे त्यातली संख्या ट्रिसमधल्या संख्येशी तुलना करू नका. ट्रिस इथे नुसता बफर नाही, तो फॉस्फेट स्वतःवर घेऊन वेग वाढवतो. म्हणूनच १ मोलर ट्रिसमध्ये आकडे मोठे येतात.

मोजणी अशी करा: १ मोलर ट्रिस, पीएच ८.०, त्यात १ मिलिमोलर पीएनपीपी, १ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, एकूण १ मिली, २५ अंश, ४०५ नॅनोमीटर, दर दहा सेकंदांनी वाचन, पहिल्या दोन मिनिटांची सरळ रेषा. वासराच्या आतड्यातल्या एन्झाइमची कृती उचलू नका. त्याला पीएच ९.८ चा डायइथेनॉलअमिन बफर लागतो, जिवाणूच्या एन्झाइमला ८ च्या आसपास मानवतं. ट्रिसचा पीएच ज्या तापमानाला वापरणार त्याच तापमानाला लावा: तापमान वाढलं की दर अंशाला तो सुमारे ०.०२८ ने घसरतो, म्हणजे २५ अंशांना ८.० लावलेला ट्रिस ४ अंशांना ८.६ होतो. पीएनपीपीचं द्रावण पिवळसर दिसत असेल तर फेकून द्या. ते आपोआप फुटलेलं आहे, म्हणजे ब्लँक वर जातो आणि मोकळा फॉस्फेटही आत येतो.

हिशेब: नायट्रोफिनॉलचा मोलर शोषणांक पूर्ण आयनीभूत असताना साधारण १८,००० असतो. त्याचा पीकेए ७.१५ आहे, त्यामुळे पीएच ८.० ला सुमारे ८८ टक्केच पिवळा असतो, १६,००० धरा. मिनिटाला शोषण ०.१६ ने वाढलं तर १० मायक्रोमोलर प्रति मिनिट, १ मिलीत १० नॅनोमोल, म्हणजे ०.०१ युनिट (१ युनिट म्हणजे मिनिटाला एक मायक्रोमोल). हे १ मायक्रोग्रॅम प्रथिनातून आलं असेल तर मिलिग्रॅमला १० युनिट, चांगलं. ५० मायक्रोग्रॅम घालून आलं असेल तर मिलिग्रॅमला ०.२, म्हणजे तुमच्याकडच्या शंभर रेणूंपैकी फार तर एक-दोन काम करताहेत आणि बाकीचे नुसते वजन वाढवताहेत. 'शून्य' आणि 'थोडी' या शब्दांऐवजी हा आकडा लिहून ठेवा, पुढचं प्रत्येक पाऊल त्याच्याशी ताडायचं आहे. रिकामा व्हेक्टर असलेल्या पेशींचा अर्कही शेजारी मोजा, कारण बीएल२१ कडे स्वतःचं हेच एन्झाइम आहे. एलबी या नेहमीच्या वाढ-माध्यमात ते दबलेलं असतं, पण माध्यमात फॉस्फेट कमी पडला की भरपूर तयार होतं.

बफर निर्दोष निघाला तर घडीची चाचणी. त्यासाठी महागडं यंत्र नको, प्रथिनं कापणारं ट्रिप्सिन पुरतं. नीट घडी पडलेलं हे प्रथिन ट्रिप्सिनला दाद देत नाही, सैल साखळीचे मात्र तुकडे होतात. बर्फावर मिलीला २५ ते ५० मायक्रोग्रॅम ट्रिप्सिन, २० ते ३० मिनिटं. मग १ मिलिमोलर पीएमएसएफ घालून थांबवा आणि त्यानंतरच एसडीएस घालून उकळा. पीएमएसएफ विसरलात तर उकळताना घडी सुटते, ट्रिप्सिन तेवढ्या वेळात हात साफ करून घेतं आणि चांगलं प्रथिनही वाईट दिसतं. सोबत जस्ताची चाचणी: १० मिलिमोलर ट्रिस पीएच ८.०, १ मिलिमोलर मॅग्नेशियम, २० मायक्रोमोलर जस्त क्लोराइड यांत प्रथिन ठेवून लगेच, अर्ध्या तासाने, दोन तासांनी आणि दुसऱ्या सकाळी मोजा. हे करताना नमुन्यात डीटीटी नको, ते जस्त पकडतं. जस्त जास्त घालण्याचा मोहही नको. जादा जस्त मॅग्नेशियमच्या जागेत घुसतं आणि वेग उलट कमी होतो.

ट्रिप्सिनला टिकलं आणि जस्ताने जागं झालं, तर फक्त धातू गेला होता. ट्रिप्सिनने चिरफाड केली, तर घडीच नाही, आणि मग कितीही जस्त ओता. टिकलं, जस्त दिलं, तरी निपचित असेल तर मात्र जनुकाचा क्रम पुन्हा वाचून घ्या. सेरिन १०२ बदलला गेला तर प्रथिन दिसायला धडधाकट असतं, काम जवळपास काहीच करत नाही. जेल फिल्ट्रेशनची (आकारानुसार प्रथिनं वेगळी करण्याची) सोय असेल तर एकदा चालवा: ९४ किलोडाल्टनच्या आसपास शिखर म्हणजे जोडी जमलेली, सुरुवातीलाच रिकाम्या आकारमानात बाहेर पडलं तर गठ्ठे.

दुरुस्ती. सरळ उपाय एकच: सिग्नल पेप्टाइड परत जोडा. शेपटी शेवटाकडेच ठेवा. सुरुवातीला, सिग्नलच्या आधी लावली तर निर्यातीत अडथळा येतो आणि निर्यात झालीच तर सिग्नलसोबत शेपटीही कापली जाते. इंडक्शन ३७ ऐवजी २५ ते ३० अंशांना, आयपीटीजी १ ऐवजी ०.१ मिलिमोलर. निर्यातीचं दार अरुंद असतं. प्रथिन भराभर बनवलं की ते दाराशीच गोळा होतं आणि बँड पुन्हा मोठा, काम पुन्हा शून्य. या बाबतीत कमी उत्पादन म्हणजे जास्त एन्झाइम, हे पटायला वेळ लागतो.

पेरिप्लाझम बाहेर काढायला पेशी फोडायची गरज नाही. ओल्या पेशींच्या दर ग्रॅमला ८० मिली या प्रमाणात ३० मिलिमोलर ट्रिस पीएच ८.० आणि २० टक्के सुक्रोज. त्यात ईडीटीए १ मिलिमोलर होईल इतकं. बर्फावर हलवत दहा मिनिटं. ८,००० जी ला वीस मिनिटं फिरवा, वरचं ओतून टाका, पेलेट तेवढ्याच बर्फगार ५ मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेटमध्ये झटकन विरघळवा. दहा मिनिटांनी पुन्हा फिरवा. प्रथिन आता वरच्या द्रवात आहे. इथला ईडीटीए दहा मिनिटांत फारसं बिघडवत नाही, रात्रभर राहिला तर बिघडवेल. निकेल कॉलमवर जाण्याआधी बफर बदला आणि इमिडाझोल (निकेलवरून शेपटी सोडवणारं रसायन) १० ते २० मिलिमोलर ठेवा. २५० मिलिमोलरने काढलेलं प्रथिन तसंच फ्रिजमध्ये टाकू नका. २० मिलिमोलर ट्रिस, १०० मिलिमोलर मीठ, १ मिलिमोलर मॅग्नेशियम, १० मायक्रोमोलर जस्त यांत डायलिसिस करा, म्हणजे इमिडाझोल आणि कॉलमवरून सुटलेला निकेल दोन्ही जातात.

सिग्नल नकोच असेल तर शफलसारखा ई. कोलायचा वाण घ्या, ज्यात क्षपणाचे मार्ग बंद केलेले असतात आणि चुकीच्या जोड्या सोडवणारं डीएसबीसी सायटोप्लाझममध्ये ठेवलेलं असतं. ३० अंशांना वाढवा, तो हळू वाढतो. त्याच्या के-१२ वंशाच्या प्रकारात मूळ फॉस्फेटेजचं जनुक आधीच काढलेलं आहे, ही इथे आयती सोय.

आत्ता हातात असलेलं प्रथिन वाचवायचं झालं तर ६ मोलर ग्वानिडिन आणि १० मिलिमोलर डीटीटीत पूर्ण सैल करा, पीएच ४ ते ५ ला डीसॉल्टिंग करून डीटीटी काढा, मग पन्नास पट पातळ करून मिलीला ०.०५ मिलिग्रॅमवर आणा: १०० मिलिमोलर ट्रिस पीएच ८.०, क्षपित ग्लुटाथायोन २ मिलिमोलर, ऑक्सिडीकृत ०.२ मिलिमोलर, रात्रभर. ग्लुटाथायोन डायलिसिसने गेल्यावरच जस्त घाला. हे होतं, पण एका क्लोनिंगइतका वेळ घेतं आणि उतारा कमी देतं. क्लोनिंग परत करणं स्वस्त पडेल.

साठवण सोपी आहे, हे एन्झाइम कणखर आहे. अर्ध्याला अर्धं ग्लिसेरॉल घालून उणे २० अंशांना, किंवा अमोनियम सल्फेटमध्ये ४ अंशांना. फक्त मोजणीसाठी केलेलं मिलीला मायक्रोग्रॅमचं पातळ द्रावण प्लॅस्टिकच्या नळीत ठेवू नका, प्रथिन भिंतीला चिकटतं. मिलीला ०.१ मिलिग्रॅम बीएसए (गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घाला.

पुढचा एन्झाइम वेगळा असेल तर ही यादी जशीच्या तशी उचलू नका. ईडीटीएने फॉस्फेटेज झोपतं, पण पपईच्या चिकातलं पपेन त्यानेच जागं होतं. त्याचं काम सिस्टीन २५ करतो, आणि त्याला मोकळा ठेवायला क्षपणकारक लागतो, तर त्याला झाकणारे जड धातू उचलायला ईडीटीए. म्हणजे इथे जे विष होतं तेच तिथे औषध. काही प्रथिनांना कापल्याशिवाय काम सुरू करता येत नाही. ट्रिप्सिनोजेनची सुरुवातीची सहा अमिनो आम्लं एन्टरोकायनेज कापतं. उघडा पडलेला नवा टोकाचा आयसोल्युसिन आत वळतो, अ‍ॅस्पार्टेट १९४ ला भिडतो आणि तेव्हा कुठे क्रियाशील जागा आकार घेते. पेनिसिलिन जी अ‍ॅसायलेज ८४६ अमिनो आम्लांच्या साखळीतून स्वतःच स्वतःला कापून बनतं: २६ चा सिग्नल, २०९ ची अल्फा साखळी, मधला ५४ चा दुवा टाकून दिला जातो, ५५७ ची बीटा साखळी, आणि बीटाच्या अगदी पहिल्या सेरिनवर सगळं काम. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांचा सहभाग असलेल्या, १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या पेनिसिलिन व्ही अ‍ॅसायलेजच्या रचनेतही टोकाचा पहिला सिस्टीनच कामाचा निघाला. अशा एन्झाइमच्या सुरुवातीला हिस्टिडिनची शेपटी लावली आणि ती कापली गेली नाही, तर जेलवर सुंदर बँड आणि क्युव्हेटमध्ये काहीच नाही, अशी तुमच्यासारखीच गत होते, कारण मात्र वेगळं.

आरएनएचंही असंच. शुद्ध केलेला रायबोझाइम (एन्झाइमसारखं काम करणारा आरएनए) किंवा टीआरएनए ईडीटीए असलेल्या बफरमध्ये सैल पडलेला असतो. पाण्यात किंवा पातळ बफरमध्ये ८० ते ९० अंशांना एक-दोन मिनिटं तापवून खोलीच्या तापमानाकडे येऊ द्या, आणि ५ ते १० मिलिमोलर मॅग्नेशियम थंड होताना घाला. आधीच घालून तापवलं तर मॅग्नेशियम घडी घालण्याऐवजी साखळीच तोडतं.